गाण्यांची साडेसाती

१५ फेब्रुवारी २०१३. रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सकाळी सव्वानऊच्या सुमारास आकाशातून वीसेक मीटर रुंदीचा एक दगड आला. आधी डोळे दिपवणारा उजेड, मग धमाका, आणि हजारो इमारतींच्या काचा खळ्ळकन खाली. रशियात गाडीच्या पुढच्या काचेवर कॅमेरा लावून फिरायची पद्धत आहे, त्यामुळे हे सगळं कितीतरी लोकांच्या गाड्यांनी आपसूक टिपलं आणि ते लगोलग यूट्यूबवर चढलं. पुण्यात पाहिलं, पेरूत पाहिलं, टोकियोत पाहिलं. जर्मनीत मात्र त्यातले काही व्हिडिओ उघडले की काळ्या पडद्यावर एक रडवेला चेहरा यायचा आणि शेजारी दिलगिरीची पाटी: या व्हिडिओत असं संगीत असू शकेल, ज्याचे हक्क आम्हाला मिळालेले नाहीत.

संगीत? उल्केत?

हो. गाडीतला रेडिओ चालू होता!

अब्जावधी वर्षं अंतराळात भटकलेला दगड पृथ्वीच्या वातावरणातून आरपार आला आणि जर्मनीच्या वेशीवर कॉपीराइटने अडवला. बरं, हा काही एखाद्या दिवसाचा घोटाळा नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत ‘ओपनडेटासिटी’ या जर्मन गटाने मोजदाद केली, तेव्हा यूट्यूबवरच्या सर्वांत लोकप्रिय १००० व्हिडिओंपैकी ६० टक्क्यांहून जास्त जर्मनीत दिसतच नव्हते. त्या काळात आखेन, श्टुटगार्टला शिकायला गेलेल्या कुणालाही विचारा, तो रडवेला चेहरा त्याला अजून पाठ असेल. आणि पलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमध्ये? तीच भाषा, तशीच माणसं, आणि तेच गाणं सहसा बिनतक्रार सुरू!

आता गंमत पाहा. इंटरनेटवर गाण्यांवरचा पहारा सैल सोडला की गाणी देशोदेशी पोचतात, असं आपण सगळेच सहज म्हणतो. पण सिद्ध कसं करणार? त्यासाठी दोन जगं लागतील: एकात पहारा कडक, दुसऱ्यात सैल, बाकी सगळं सारखं. असा प्रयोग मुद्दाम करायला कुठलं सरकार तयार होईल? जर्मनीने तो नकळत केला. एप्रिल २००९ ते ऑक्टोबर २०१६, तब्बल सात वर्षं सात महिने. साडेसातीपेक्षाही महिनाभर जास्त!

या प्रयोगाच्या मुळाशी एक जुनी, तालेवार संस्था आहे: गेमा. गीतकार, संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकांच्या वतीने मानधन गोळा करणारी. तिची पूर्वज संस्था १९०३ साली उभी राहिली आणि ती उभारणाऱ्यांत खुद्द रिचर्ड श्ट्राउस होता. म्हणजे ‘संगीतकाराला पैसे मिळालेच पाहिजेत’ हा आग्रह तिथे कारकुनांनी नव्हे, ऑपेरे लिहिणाऱ्या माणसाने धरला. हॉटेल असो, नाचघर असो की जत्रा, जाहीरपणे संगीत वाजलं की ते गेमाच्या यादीतलंच असणार असं जर्मन न्यायालयं गृहीत धरतात. तसं नसेल तर ते वाजवणाऱ्याने सिद्ध करायचं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीतल्या गाण्यांना चक्क नाव घेऊन सूट दिली आहे. जर्मन माणसाला हे सांगून पाहा, त्याचा विश्वास बसणार नाही. तिथे बालवाड्यांना मुलांच्या गाण्यांच्या छायाप्रतींचा परवाना घ्या म्हणून पत्रं गेली होती.

यूट्यूबचा आणि गेमाचा पहिला करार ३१ मार्च २००९ ला संपला आणि नव्या कराराचं घोडं पैशांवर अडलं. गेमा म्हणे, गाणं जितक्या वेळा पाहिलं जाईल तितक्या वेळा पैसे द्या. यूट्यूब म्हणे, जाहिरातीतून जे मिळेल त्यातला वाटा घ्या. पुढे गेमाने एका दाव्यात मागितलेला दर होता प्रत्येक वेळेला ०.३७५ सेंट. ऐकायला चिल्लर वाटते, पण हजार वेळा पाहिलं की पावणेचार युरो, आणि यूट्यूबवर हजार म्हणजे काहीच नाही. १००० गाण्यांसाठी मिळून ही मागणी सुमारे १६ लाख युरोंवर गेली होती. म्युनिकच्या न्यायालयाने ती फेटाळली आणि जानेवारी २०१६ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच केलं.

पण गाण्याचे मालक तर रेकॉर्ड कंपन्या ना? त्यांना तर आपले व्हिडिओ दिसायला हवे होते! इथेच खरी गोम आहे. गाण्याची मालकी सामाईक सातबाऱ्यासारखी असते. चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, प्रकाशकाचं नाव तिसरं आणि ध्वनिमुद्रण कंपनीचं. कंपनीने सही केली, गायकही तयार आहे, पण चालीचे हक्क ज्याच्याकडे आहेत तो हटून बसला की व्यवहार ठप्प. म्हणून जर्मनीत असं विचित्र चित्र दिसायचं की कंपनी लाखो युरो खर्चून व्हिडिओ बनवतेय, स्वतःच यूट्यूबवर चढवतेय, आणि तिच्याच देशातल्या श्रोत्यासमोर रडवेला चेहरा.

आणि अडवत कोण होतं? गेमा? छे! पाटी यूट्यूबच लावत होतं. करार नाही, उगाच दावा अंगावर यायला नको, म्हणून सरसकट अडवा. मात्र गेमाने हक्क दिले नाहीत, अशा अर्थाच्या पाटीतल्या शब्दांमुळे लोकांच्या शिव्या गेमाला बसायच्या. शेवटी गेमा पाटीच्या मजकुराविरुद्धच न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये जिंकलीही: ही पाटी दिशाभूल करणारी आहे. झालं, पाटीचे शब्द बदलले. गाणं काही दिसेना.

खटल्यांच्या या माळेत एक नाव आपल्या ओळखीचं आहे. एप्रिल २०१२ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने गेमाने पुढे केलेल्या १२ गाण्यांपैकी ७ गाण्यांबाबत गेमाच्या बाजूने निकाल दिला. त्या खटल्यातलं एक गाणं होतं ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’. बोनी एम.! ऐंशीच्या दशकात आपल्याकडे ज्यांच्या गाण्यांशिवाय कॉलेजचं गॅदरिंग पार पडत नव्हतं, ते बोनी एम. कॅरिबियन चेहरे, इंग्रजी शब्द, आणि मागे निर्माता पक्का जर्मन, फ्रांक फारियान. मंचावर बॉबी फॅरेल नाचायचा आणि ध्वनिमुद्रिकेवरचा तो खर्जातला पुरुषी आवाज मात्र खुद्द फारियानचा असायचा.

तर साडेसात वर्षं एक अख्खा देश यूट्यूबवरच्या कितीतरी संगीताला मुकला. लोकांनी पळवाटा शोधल्याच, ‘प्रॉक्सट्यूब’ नावाची एक युक्ती ब्राउझरला जोडली की आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवता यायचं. तरी बहुसंख्य लोक पाटी पाहून पुढे जायचे. आणि इथे अर्थशास्त्रज्ञांचे डोळे लकाकले.

टोबियास क्रेच्मर आणि क्रिस्टियान पॉयकर्ट या दोघांनी दोन तारखा पकडल्या. एक २००९ ची, दार बंद झालं ती. दुसरी ऑक्टोबर २०१३ ची. त्या महिन्यात ‘व्हेवो’ हे संगीत-व्हिडिओंचं वेगळं व्यासपीठ जर्मनीत आलं आणि असंख्य कलाकारांचे व्हिडिओ एका रात्रीत दिसू लागले. बंद होताना गाण्यांच्या विक्रीचं काय झालं? उघडताना काय झालं? फुकट मिळत होतं ते बंद झालं म्हटल्यावर लोक दुकानात धावायला हवे होते, नाही का?

झालं उलटं. व्हिडिओ अडवले तेव्हा विक्री सरासरी ५ ते १० टक्क्यांनी कमी झाली आणि उघडले तेव्हा तेवढीच वाढली. फुकट बघायला मिळालं म्हणून लोकांनी विकत घेतलं!

याहून मोठं आश्चर्य पुढे आहे. कंपनीने बनवलेला झगझगीत व्हिडिओ आणि कुणा चाहत्याने मैफलीत मोबाइलवर उचललेला हलता, धूसर, मागे किंचाळ्या असलेला तुकडा, यांत विक्री वाढवण्याची ताकद कुणाची जास्त? उत्तर: सारखीच. ज्या चोरट्या चित्रीकरणामागे कंपन्यांचे वकील हात धुऊन लागलेले असतात, ते अधिकृत व्हिडिओइतकंच काम करत होतं, आणि तेही बिनपगारी. सर्वाधिक फायदा कुणाला? नव्या कलाकारांना, आणि सर्वांना रुचणाऱ्या लोकप्रिय संगीताला.

लगेच टाळ्या वाजवू नका. अमेरिकेत वॉर्नर म्युझिकने यूट्यूबशी बिनसल्यावर डिसेंबर २००८ पासून नऊ-दहा महिने आपली गाणी तिथून काढून घेतली होती. स्कॉट हिलर या अभ्यासकाने त्या काळातली विक्री तपासली, तेव्हा सर्वाधिक खपाच्या अल्बमांना या गैरहजेरीचा फायदाच झालेला दिसला. मग खरं काय मानायचं? माझ्या मते दोन्ही. ज्याला सगळे ओळखतात त्याला आणखी ओळख करून देऊन काय मिळणार? त्याचं गाणं फुकट मिळालं तर विकत घेणारा एखादा गळतो. ज्याला कुणीच ओळखत नाही, त्याच्यापाशी गमावण्याजोगं गिऱ्हाईकच नसतं. आणि परदेशात तर बहुतेक सगळे गायक याच दुसऱ्या वर्गात मोडतात. सोलचा तारा कोलोनमध्ये नवखाच असतो.

इंटरनेटवर गाणी फुकट पसरवणारं हत्यारही जर्मनीतच घडलं होतं, हे ठाऊक आहे? म्युनिकमध्ये गेमाची कचेरी, आणि त्याच बव्हेरियात दोनेकशे किलोमीटरवर एर्लांगेनची फ्राउनहोफर संस्था. तिथे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही ते आवाजातून वगळून गाण्याची फाइल दहा-बारा पट लहान केली. १४ जुलै १९९५ ला या फाइलच्या शेपटाला नाव मिळालं: एमपी३. गाणी दाबणारं सॉफ्टवेअर महाग विकायचं, वाजवणारं स्वस्त, असा त्यांचा साधासरळ बेत. तो एका विद्यार्थ्याने उधळला. ऑस्ट्रेलियातल्या या पठ्ठ्याने चोरलेल्या क्रेडिट कार्डावर ते महागडं सॉफ्टवेअर घेतलं, खोललं आणि फुकटात जगाला वाटून टाकलं. चोरीचं अवजारसुद्धा चोरूनच जगभर गेलं!

आणि त्यातून निघालेला हा किस्सा तर मला सगळ्यांत आवडतो. २००२ साली अमेरिकेत लोक एकमेकांच्या संगणकांवरून गाणी उतरवून घेत होते. फेलिक्स ओबरहोल्त्सर-गे आणि कोलमन स्ट्रम्फ या अर्थशास्त्रज्ञांना शोधायचं होतं की यामुळे सीडींचा खप घटतो का. अडचण अशी की जे गाणं गाजतं तेच जास्त चोरलं जातं आणि तेच जास्त विकलंही जातं. मग कशामुळे काय, हे कसं ओळखायचं? चोरी वाढवणारं, पण गाण्याच्या लोकप्रियतेशी सुतराम संबंध नसलेलं असं काहीतरी हवं होतं.

त्यांना ते सापडलं जर्मनीतल्या शाळांच्या सुट्यांत.

म्हणजे असं: अमेरिकेत उतरवल्या जाणाऱ्या सुमारे सहातली एक फाइल जर्मनीतल्या कुणाच्या तरी संगणकावरून येत होती. जर्मनीत सोळा राज्यं, आणि महामार्गांवर एकदम झुंबड उडू नये म्हणून त्यांच्या सुट्या मागेपुढे ठेवलेल्या. सुटी लागली की पोरं घरी, पोरं घरी की संगणक दिवसभर चालू, संगणक चालू की गाण्यांचा पुरवठा मुबलक. आता बव्हेरियातल्या शाळेला सुटी आहे म्हणून ओहायोतल्या माणसाला एखादं गाणं जास्त आवडायला लागेल का? नाही. त्याला ते फुकट उतरवणं तेवढं सोपं होईल. मग त्या आठवड्यांत अमेरिकेत सीडींचा खप पडला का? साडेसतरा लाख डाउनलोड तपासून दोघांनी २००७ मध्ये छापलं की परिणाम जवळजवळ शून्य. स्टॅन लीबोविट्झसारखे अर्थतज्ज्ञ या निष्कर्षावर तुटून पडले, आणि तो वाद पुरता मिटलेला नाही. पण कल्पना पाहा! न्यूर्नबर्गच्या दहावीतल्या पोराची सुटी आणि शिकागोतल्या दुकानाचा गल्ला एकाच समीकरणात.

आकडे पुरे झाले. एखादं गाणं सीमा ओलांडतं म्हणजे नेमकं काय होतं, ते एका गाण्यात जवळून पाहू. आसाफ अविदान हा इस्रायली गायक. आवाज असा की प्रथम ऐकणाऱ्याला बाई गातेय वाटावं. २००८ मध्ये त्याने आपल्या बँडबरोबर ‘रेकनिंग साँग’ हे गाणं काढलं: गिटार, तो चिरका आर्त आवाज आणि फारसं काही नाही. इस्रायलबाहेर ते मोजक्यांनीच ऐकलं. बर्लिनमधल्या वांकेलमूट नावाच्या तरुण डीजेने ते उचललं, खाली नाचायला लावणारा ठोका घातला आणि इंटरनेटवर सोडून दिलं. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. कायद्याने पाहिलं तर सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांचा एका झटक्यात अवमान. पण ते पसरत गेलं, इतकं की पुसून टाकण्यापेक्षा सही करणं शहाणपणाचं ठरलं. २०१२ मध्ये ते रीतसर प्रकाशित झालं आणि जर्मनीसह अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. जेरुसलेमचा गायक बर्लिनमार्गे युरोपभर पोचला, आणि तेही यूट्यूबवर रडवेले चेहरे झळकत असलेल्या जर्मनीतून!

उलट दिशेनेही हेच घडलं होतं. माग्डेबुर्गची पोरं, बँडचं नाव टोकियो होटेल, गाणी जर्मन. जर्मन पॉप परदेशात कोण ऐकणार? पण २००५ नंतर फ्रान्समधल्या शाळकरी मुली त्यांच्यापायी वेड्या झाल्या, गाणी समजावीत म्हणून जर्मन शिकू लागल्या, आणि फ्रान्समध्ये जर्मनच्या वर्गांना बरे दिवस आल्याच्या बातम्या छापून आल्या. चाहते टीव्हीवरच्या मुलाखतींना आपापल्या भाषेत उपशीर्षकं देऊन यूट्यूबवर चढवत होते. नियमाने पाहिलं तर हा सगळा मामला बेकायदा. पण असला अनुवाद-विभाग पगारी ठेवायचा म्हटला तर कुठल्या कंपनीला परवडेल? २००८ मध्ये अमेरिकेत एमटीव्हीचं सर्वोत्तम नवोदित कलाकाराचं पारितोषिक याच पोरांना मिळालं.

कोरियाने हे धोरणच केलं. तिथला सीडीचा धंदा चोरट्या फाइलींनी आधीच झोपवला होता, घरची बाजारपेठ छोटी. मग एसएम, वायजी, जेवायपी या कंपन्यांनी व्हिडिओ पूर्ण आणि फुकट यूट्यूबवर ठेवले. शेजारी जपान, सीडींची प्रचंड मोठी बाजारपेठ, म्हणून तिथल्या कंपन्या बरीच वर्षं अर्धेमुर्धे व्हिडिओ दाखवत राहिल्या आणि परदेशी प्रेक्षकांना दार बंद. श्रीमंतीनेच त्यांना घरकोंबडं ठेवलं म्हणा ना! जुलै २०१२ मध्ये साय या गायकाचं ‘गंगनम स्टाइल’ आलं, जगभर त्याची हजारो विडंबनं निघाली, सायने ती चालू दिली, आणि २१ डिसेंबरला ‘गंगनम स्टाइल’ हा एक अब्ज वेळा पाहिला गेलेला यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ झाला. आपल्या ‘कोलावेरी डी’चंही तेच. २०११ मध्ये कच्चं गाणं आधीच बाहेर फुटलं, आणि कंपनीने डोक्याला हात न लावता चटकन अधिकृत व्हिडिओ सोडला.

ही ढिलाई म्हणजे निव्वळ दानधर्म मात्र नव्हता. २००७ पासून यूट्यूबकडे एक यंत्रणा आहे, कंटेंट आयडी. ती प्रत्येक गाण्याचा ठसा साठवते आणि कुणी त्याचा तुकडा वापरला की मालकाला विचारते: अडवू, नुसती नोंद ठेवू, की त्यावर जाहिरात लावून पैसे तुला देऊ? तिसरा पर्याय आला आणि चोर बघता बघता वितरक झाला. सायच्या विडंबनांवर दुसरा कुणी हसला, तरी पैसे सायकडे येऊ शकत होते.

गेमाला तेवढं पुरत नव्हतं, आणि तिचं अगदीच चुकत होतं असं मला वाटत नाही. गायक फुकट प्रसिद्धीवर दौरे काढतो, तिकिटं विकतो. पण घरी बसून चाल बांधणाऱ्याला, ओळी लिहिणाऱ्याला कोण तिकीट काढून बघायला येतं? त्याचं पोट हक्कांवरच असतं. १ नोव्हेंबर २०१६ ला अखेर तडजोड झाली. २००९ पासूनच्या थकलेल्या काळाचेही पैसे त्यात आले. किती, ते दोघांनीही सांगितलं नाही. पाट्या गेल्या.

न विचारता गाणी उचलणं इंटरनेटच्या आधीही चालूच होतं, आणि त्याचा सर्वांत चक्रावणारा दाखला एकाच जर्मन अल्बममध्ये आहे: ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्कचा १९७७ चा ‘ट्रान्स युरोपा एक्स्प्रेस’. त्याच्या शीर्षकगीताची सुरावट न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या आफ्रिका बंबाटाने १९८२ मध्ये ‘प्लॅनेट रॉक’साठी उचलली. न विचारता. पुढे तडजोड होऊन पैसे द्यावे लागले, पण तोवर चार गंभीर जर्मन गृहस्थांची यंत्रं हिप-हॉपच्या पायात जाऊन बसली होती. त्याच अल्बममध्ये ‘मेटाल आउफ मेटाल’ आहे. त्यातला ठोक्याचा जेमतेम दोन सेकंदांचा तुकडा १९९७ मध्ये मोझेस पेल्हाम या जर्मन निर्मात्याने सब्रिना सेटलुरच्या एका गाण्यात फिरवला. क्राफ्टवेर्क न्यायालयात गेले. २०१६ मध्ये जर्मनीचं संविधान न्यायालय, २०१९ मध्ये लक्झेंबर्गचं युरोपीय न्यायालय, २०२३ मध्ये पुन्हा लक्झेंबर्गला प्रश्न. दोन सेकंदांसाठी दोन दशकांहून जास्त!

असला अनुभव गाठीशी असलेल्या देशाने मग ढिलाईच कायद्यात मोजून लिहिली. १ ऑगस्ट २०२१ पासून जर्मनीत लागू झालेल्या कायद्यानुसार, लोकांनी धंद्यासाठी न केलेल्या व्हिडिओत दुसऱ्याचं थोडंसं काही आलं, तर यंत्राने ते परस्पर अडवायचं नाही. थोडंसं म्हणजे किती? चित्रफीत असेल तर १५ सेकंद, आवाज असेल तर १५ सेकंद, मजकूर १६० अक्षरांपर्यंत, छायाचित्र १२५ किलोबाइटपर्यंत. चेल्याबिन्स्कच्या गाडीतला रेडिओ कदाचित यात सुटला असता. वांकेलमूटने मात्र अख्खं गाणं उचललं होतं, ते या पंधरा सेकंदांत मावत नाही.